एका आसवावर सुटलेला माणूस : दान्तेचा नरक, पाप आणि मुक्ती

पायवाट

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. आमच्याकडे दहा दिवस गरुडपुराण वाचतात. गुरुजी रोज संध्याकाळी तासभर वाचायचे, आई भिंतीला टेकून ऐकायची आणि मी आतल्या आत धुमसायचे. वैतरणी, कुंभीपाक, असिपत्रवन... परवा नवरा गेलेल्या बाईला हे कशाला ऐकवायचं? पाचव्या दिवशी मी गुरुजींना थांबवायला उठले, तर आईच म्हणाली, "राहू दे गं. ते कुठल्या वाटेने चाललेत ते तरी कळतंय मला."

त्या वाक्यामुळे मी पुन्हा दान्ते हातात घेतला. कॉलेजात असताना आठ-दहा सर्ग वाचून सोडला होता. या वेळी वर्ष लागलं, पण शेवटपर्यंत गेले. घरात हे बोलायला कोणी नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दान्ते अलिगिएरी १२६५ साली फ्लोरेन्समध्ये जन्मला आणि १३२१ साली रावेन्नात, हद्दपारीतच गेला. त्याने आपल्या काव्याला नुसतं 'कोमेदिया' म्हटलं, 'दिव्य' हे विशेषण नंतरच्या लोकांनी लावलं. शंभर सर्ग, १४,२३३ ओळी, तीन भाग : इन्फेर्नो म्हणजे नरक, पुर्गातोरिओ म्हणजे पापं धुण्याचा डोंगर आणि पारादिसो म्हणजे स्वर्ग. काव्यातला काळ १३०० सालच्या गुड फ्रायडेच्या आसपासचा. पस्तिशीचा दान्ते एका अंधाऱ्या रानात वाट चुकतो, तीन जनावरं त्याला अडवतात, आणि तेराशे वर्षांपूर्वीचा रोमन कवी व्हर्जिल त्याला घ्यायला येतो. व्हर्जिलला पाठवलेलं असतं बिआत्रिचेने. दान्तेने तिला नवव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि ती १२९० मध्ये ऐन तारुण्यात गेली होती.

बहुतेक जण नरकापर्यंत वाचतात आणि तिथेच थांबतात. मीही दोन महिने थांबले होते. कारण होतं नरकाचं दार. "आत येणाऱ्यांनो, सगळी आशा सोडा" ही त्यावरची ओळ सगळ्यांना माहीत असते. पण तिच्या वर आणखी ओळी आहेत आणि त्यात दार स्वतःच सांगतं की मला कोणी घडवलं : दैवी सामर्थ्याने, परम ज्ञानाने आणि आदि प्रेमाने. प्रेमाने! ते वाचून मी पुस्तक मिटलं. प्रेम असलं काही बांधेल कशाला?

पुढे मला परत आणलं एका बाप-लेकाने. बाप नरकात आहे, मुलगा डोंगरावर. दोघांच्या गोष्टी दोन वेगळ्या भागांत, कितीतरी सर्गांच्या अंतराने आहेत.

बाप म्हणजे ग्विदो दा मोन्तेफेल्त्रो. नावाजलेला सेनापती, कपटात हातखंडा. म्हातारपणी पश्चात्ताप झाला म्हणून सगळं सोडून फ्रान्सिस्कन साधू झाला. तिथे पोप आठवा बोनिफाचे त्याच्याकडे आला : शत्रूचा पालेस्त्रीनाचा किल्ला पाडायचा आहे, युक्ती सांग, पापाची क्षमा मी तुला आत्ताच देऊन ठेवतो. ग्विदोने सांगितलं, भरघोस वचन द्या आणि पाळू नका. तो मेला तेव्हा संत फ्रान्सिस स्वतः न्यायला आले. पण एका काळ्या देवदूताने अडवलं. म्हणाला, पश्चात्ताप केल्याशिवाय क्षमा नाही, आणि एखादी गोष्ट करायची इच्छा आणि तिचा पश्चात्ताप एकाच वेळी होऊ शकत नाही. आणि ग्विदोला म्हणाला, "मी तर्कशास्त्री असेन असं तुला वाटलं नव्हतं, नाही का?"

मुलगा बुओन्कोन्ते. ११ जून १२८९ ला काम्पाल्दिनोच्या लढाईत पडला. त्याचं प्रेत कधीच सापडलं नाही. दान्ते त्याच लढाईत होता, घोडदळात, समोरच्या बाजूने. काव्यात तो बुओन्कोन्तेला विचारतो : तू गेलास कुठे? आणि तो सांगतो. गळ्यात घाव लागलेला, पायी पळत, वाटभर रक्त सांडत मी आर्कियानो नदी आर्नोला मिळते तिथवर आलो. दिसेनासं झालं, वाचा गेली, शेवटचा शब्द मारियाचं नाव. देवाच्या दूताने मला उचललं तर नरकाचा दूत ओरडला, "माझ्याकडून हिसकावतोस का याला? एवढ्याशा एका आसवासाठी?" मग त्या सैतानाने रागाने पाऊस पाडला, नदीला लोंढा आला, आणि मरताना छातीवर हातांचा जो क्रूस केला होता तो पुराने सोडवला. प्रेत गाळाखाली गेलं.

बापाकडे पोपने दिलेली क्षमा होती, पोराकडे एक आसू. हे मला अजून पुरतं पेलत नाही. तुमचं वाचन काय सांगतं?

दगडी_जिना

सुंदर धागा. दारावरच्या त्या ओळीशी मीही बरीच वर्षं अडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

दान्तेच्या नरकात शिक्षा बाहेरून आणून लादलेली नसते. माणसाने जे निवडलं तेच त्याला कायमचं मिळतं, फक्त आता ते डोळ्यांना दिसतं. कोणी तेलात तळत बसलेलं नाही. दांभिक लोक शिशाचे झगे घालून पाय ओढत चाललेत, झग्यांना बाहेरून सोन्याचा मुलामा. भविष्य सांगणाऱ्यांची मुंडकी पाठीकडे फिरलेली, त्यामुळे रडतात तेव्हा आसवं पाठीवरून खाली ओघळतात. पैसा साठवणारे आणि पैसा उधळणारे एकाच वर्तुळात, छातीने धोंडे ढकलत एकमेकांवर आदळतात, आणि त्यांचे चेहरे ओळखूच येत नाहीत. या हिशेबाला दान्ते एक शब्द वापरतो, 'कोन्त्रापास्सो', तोही काव्यभरात एकदाच. बेर्त्रान् द बोर्न नावाचा कवी स्वतःचं तुटलेलं डोकं केसांनी धरून कंदिलासारखं पुढे करत येतो आणि म्हणतो, मी बाप आणि मुलगा यांच्यात फूट पाडली, म्हणून माझं डोकं धडापासून वेगळं.

फ्रान्चेस्काचंच बघा. दुसऱ्या वर्तुळात वादळ आहे, आणि त्यात ती दिराबरोबर, पाओलोबरोबर, भिरभिरते आहे. दोघं एक पुस्तक वाचत होते, लान्सलॉटच्या प्रेमाची गोष्ट, आणि वाचता वाचता ओठ भेटले. "त्या दिवशी आम्ही पुढे वाचलं नाही." इतकी कोवळी ओळ आहे ती की दान्ते ऐकून मेल्यासारखा खाली कोसळतो. आपलंही काळीज हलतं. पण ती काय बोलते ते नीट ऐका. प्रेमाने त्याला धरलं, प्रेमाने मला धरलं, प्रेमाने आम्हाला एकाच मरणाकडे नेलं. पुस्तकच कुंटण ठरलं. सगळ्यांचं नाव घेते, फक्त "मी केलं" एवढं म्हणत नाही. वादळाने इकडून तिकडे फेकलं जाणं ही तिची शिक्षाही आहे आणि तिने सांगितलेली स्वतःची गोष्टही तीच आहे.

आणि अगदी तळाशी आग नाही, बर्फ आहे. सैतानांचा राजा लूसिफर कमरेच्या वरपर्यंत गोठलेला. त्याचे सहा पंख सतत फडफडताहेत, सुटायला धडपडावं तसे. त्या पंखांच्या वाऱ्यानेच तळं गोठतं. म्हणजे तो जितका फडफडेल तितका अडकेल. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी लोकलमध्ये होतो, आणि माझं स्टेशन गेलं.

म्हणून 'आदि प्रेम' हा शब्द मला आता खटकत नाही. त्या प्रेमाने माणसाला निवड दिली आणि दिलेली परत घेतली नाही. भीषण आहे, पण त्यात दुष्टपणा दिसत नाही.

शेवगा

वाचतेय. असे धागे हल्ली दुर्मीळ झालेत. पायवाट, अण्णांबद्दल वाचून वाईट वाटलं.

मीठभाकर

दगडी_जिना यांचा प्रतिसाद आवडला, पण मला हे फार गोड करून सांगितल्यासारखं वाटतं.

दान्ते राजकारणात हरलेला माणूस होता. १३०० च्या उन्हाळ्यात दोन महिने फ्लोरेन्सच्या कारभाऱ्यांपैकी एक होता. मग विरोधी गट वर आला आणि जानेवारी १३०२ मध्ये त्याच्यावर लाचखोरीचा ठपका, ५,००० फ्लोरिन दंड आणि हद्दपारी. दंड भरला नाही म्हणून मार्चमध्ये दुसरा निकाल : सापडला तर जिवंत जाळा. त्यानंतर त्याने पुन्हा कधी आपलं गाव पाहिलं नाही. आणि मग त्याने काव्यात काय केलं? बोनिफाचे पोप १३०० मध्ये जिवंत आहे, तरी नरकात त्याची जागा राखून ठेवली. धर्मातली पदं विकणारे पोप तिथे डोकं खाली, पाय वर असे भोकांत पुरलेत, तळव्यांवर ज्वाळा. त्यातला एक, तिसरा निकोलस, दान्तेची चाहूल लागताच ओरडतो, "आलास इतक्यात, बोनिफाचे?"

हे वाचायला जबरदस्त आहे, पण याला न्याय म्हणायचं? बर्फात एकाचे केस दान्ते स्वतः उपटतो. आल्बेरीगो नावाचा साधू विनवतो की माझ्या डोळ्यांवर गोठलेली आसवं काढ, दान्ते कबूल करतो, त्याच्याकडून माहिती काढून घेतो, आणि तसाच निघून जातो. वर म्हणतो, त्याच्याशी असभ्य वागणं हीच सभ्यता. मी त्या पानावर थांबलो. सुडाला देवाचा शिक्का मारला की तो न्याय होत नाही.

दगडी_जिना

मीठभाकर, आल्बेरीगोचा प्रसंग मलाही टोचतो, त्याचं समर्थन करणार नाही.

पण सगळा हिशेब शत्रूंचा आहे असं नाही. ब्रुनेत्तो लातीनी हा दान्तेला गुरुस्थानी. तो जळत्या वाळूवर भेटतो, भाजलेल्या चेहऱ्याचा. दान्ते त्याला म्हणतो, तुमची ती प्रेमळ, वडिलांसारखी मूर्ती अजून मनात आहे, माणूस अमर कसा होतो ते तुम्ही मला शिकवलंत. बोलणं संपतं आणि ब्रुनेत्तोला आपल्या घोळक्याला गाठायला पळावं लागतं. दान्ते लिहितो, तो वेरोनाच्या शर्यतीत हिरव्या कापडासाठी धावणाऱ्यांसारखा दिसला, आणि हरणाऱ्यासारखा नव्हे, जिंकणाऱ्यासारखा. ज्याच्यावर इतकी माया, त्याला नरकात ठेवताना हात थरथरला असेल. तरी ठेवलं.

शत्रूंचं म्हणाल तर बुओन्कोन्ते शत्रूच होता, आणि तो तरला. सिसिलीचा राजा मान्फ्रेदी तर धर्मबहिष्कृत. त्याची हाडं कबरीतून काढून राज्याबाहेर फेकली होती. तो डोंगराच्या पायथ्याशी छातीवरची जखम दाखवतो, हसतो आणि म्हणतो, "माझी पापं भयंकर होती, पण त्या अपार चांगुलपणाचे बाहू इतके लांब आहेत की जो वळतो त्याला ते कवेत घेतात." धर्मपीठाने ज्याला बाहेर काढलं त्याला दान्तेने आत घेतलंय, आणि पोपने ज्याला क्षमा केली त्या ग्विदोला खाली ठेवलंय.

वसईचा_वारा

मी कॅथलिक आहे, घर वसईत. चर्चेत डोंगराचा विषय निघालाय म्हणून लिहितो, कारण माझ्या मते या काव्याचं काळीज तिथे आहे.

गरुडपुराणातला नरक भोगून संपतो, जीव पुढच्या जन्माला लागतो. दान्तेचा नरक संपत नाही. संपतो तो डोंगर. लूसिफर स्वर्गातून पडला तेव्हा जमीन त्याला भिऊन बाजूला झाली, खड्डा पडला, आणि तिथली माती पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला समुद्रातून वर उसळून डोंगर झाला. नरकाच्याच मातीचा डोंगर! त्याच्यावर सात पायऱ्या : गर्व, मत्सर, क्रोध, आळस, लोभ, खादाडपणा, वासना. दारावरचा देवदूत तलवारीच्या टोकाने दान्तेच्या कपाळावर सात 'प' कोरतो, त्यांच्या भाषेत 'पेक्कातो' म्हणजे पाप. एकेक पायरी चढली की एकेक अक्षर पुसलं जातं आणि पाय हलके होतात.

पापं नरकातलीच आहेत. फरक इतकाच की इथल्या माणसांना ती टाकायची आहेत. गर्विष्ठ लोक पाठीवर धोंडे घेऊन इतके वाकलेत की गुडघे छातीला लागतात, छताचा भार पेलणाऱ्या दगडी मूर्तींसारखे. दान्तेही त्यांच्याबरोबर बोलायला वाकून चालतो. पुढच्या पायरीवर तो कबूलही करतो की मेल्यावर मला भीती आहे ती त्या धोंड्यांची. मीठभाकर, स्वतःचा गुन्हा त्याने स्वतःच नोंदवून ठेवलाय.

आणि वासनेच्या पायरीवर आगीची भिंत आहे. ती बघायची नाही, तिच्यातून जायचं आहे. दान्ते भीतीने गोठतो. व्हर्जिल परोपरीने सांगतो, शेवटी म्हणतो, "बाळा, बिआत्रिचे आणि तू यांच्यामध्ये एवढीच भिंत आहे." मग तो आत शिरतो. नंतर लिहितो, गार वाटावं म्हणून मी उकळत्या काचेत उडी घेतली असती.

मला सगळ्यात जवळची वाटते ती एकच गोष्ट : तिथले आत्मे दान्तेला परत परत सांगतात, खाली गेलास की माझ्या माणसांना प्रार्थना करायला सांग. जिवंत माणसाच्या प्रार्थनेने त्यांची वाट आखूड होते. फोरेझे दोनाती पाचच वर्षांत इतका वर पोचलाय, कारण त्याची बायको नेल्ला त्याच्यासाठी रडली. आमच्याकडे २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, असतो. आदल्या दिवशी आम्ही कबरी घासून धुतो, फुलं ठेवतो, संध्याकाळ झाली की सगळं कबरस्तान मेणबत्त्यांनी उजळतं. लहान असताना मला तो सणच वाटायचा. आजी एक मेणबत्ती कोपऱ्यातल्या नाव पुसलेल्या कबरीवर लावायची. विचारलं तर म्हणायची, "त्याचं कोणी उरलं नसेल." दान्ते वाचताना मला आजी आठवत राहिली.

बुओन्कोन्ते तेच सांगतो ना? माझी जोव्हान्ना, आणि बाकीचेही, कोणी माझी काळजी करत नाहीत, म्हणून मी मान खाली घालून चालतो.

पायवाट

वसईचा_वारा, आजींची मेणबत्ती वाचून डोळे भरले. त्याच सर्गाच्या शेवटी पिया येते. सगळ्या सर्गात तिच्या वाट्याला सात ओळी. बाकीचे आत्मे दान्तेभोवती गर्दी करतात, मला आठव, माझ्या माणसांना सांग. ती म्हणते, तू जगात परत गेलास, आणि लांबच्या वाटेचा थकवा उतरला, की मग मला आठव. त्याने आधी विसावा घ्यावा हे फक्त तिला सुचतं. मग एका ओळीत सगळं आयुष्य : सिएनाने मला घडवलं, मारेम्माने मोडलं. सिएनात जन्म, मारेम्मात मरण.

रिकामी_पाटी

मी आस्तिक नाही. काव्य म्हणून थोर आहे यात वाद नाही, पण एक प्रश्न कोणीच काढला नाही. व्हर्जिलचं काय?

नरकाच्या पहिल्या वर्तुळात होमर, सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल, इब्न सीना, इब्न रुश्द, सलादिन, आणि बाप्तिस्मा न मिळालेली तान्ही बाळं. गुन्हा काही नाही, फक्त वेळ किंवा जागा चुकली. छळ नाही, पण सुटकाही नाही. ज्या माणसाने दान्तेला हात धरून खड्ड्यातून काढलं, डोंगर चढवला, तो शेवटी परत तिथेच. स्वर्गदारी बिआत्रिचे येते, दान्ते घाबरलेल्या पोराने आईकडे वळावं तसा मागे वळतो, आणि व्हर्जिल गेलेला असतो. निरोपही नाही.

आपल्याकडे युधिष्ठिराला नरक दाखवला तेव्हा भावांचा आवाज ऐकून तो म्हणाला, मी इथेच राहतो, मला तुमचा स्वर्ग नको. दान्ते मात्र रडतो आणि पुढे जातो. मला युधिष्ठिर मोठा वाटतो.

पायवाट

रिकामी_पाटी, तुमचा प्रश्न दान्तेने स्वतः विचारलाय, आणि गंमत अशी की तो आपल्याकडे बोट दाखवून विचारलाय.

पारादिसोचा १९वा सर्ग. गुरूच्या ग्रहमंडळात न्यायी राजांचे आत्मे मिळून एक गरुड झालाय आणि तो एका तोंडाने बोलतो. दान्तेच्या मनात वर्षानुवर्षं साचलेली शंका तो गरुड मोठ्याने उच्चारतो : सिंधू नदीच्या काठी एक माणूस जन्मतो. तिथे ख्रिस्ताबद्दल सांगणारं कोणी नाही, वाचणारं नाही, लिहिणारं नाही. त्याच्या सगळ्या इच्छा, सगळी कृत्यं चांगली. वागण्यात पाप नाही, बोलण्यात नाही. तो बाप्तिस्म्याशिवाय मरतो. त्याला दोषी ठरवणारा हा कुठला न्याय? त्याने विश्वास ठेवला नाही यात त्याची चूक काय?

सिंधूच्या काठचा माणूस! सातशे वर्षांपूर्वी, कधी इकडे न आलेल्या माणसाने आपल्यासाठी भांडण मांडलंय. मी त्या ओळी तीनदा वाचल्या.

उत्तर सरळ नाही. आधी गरुड दटावतो : वीतभर नजरेने हजार कोसांवरचा निवाडा करायला तू कोण? मग म्हणतो, 'ख्रिस्त, ख्रिस्त' असा घोष करणारे पुष्कळ जण शेवटच्या दिवशी, ख्रिस्त न जाणणाऱ्यांपेक्षा त्याच्यापासून लांब असतील. आणि पुढच्या सर्गात तो आपल्या भुवईतले तेजस्वी आत्मे दाखवतो, त्यांत रिफेउस. ट्रॉयचा एक योद्धा, ख्रिस्ताच्या हजार वर्षं आधीचा. याला जग ओळखतं ते फक्त व्हर्जिलच्या काव्यामुळे, तिथे त्याला ट्रॉयमधला सगळ्यात न्यायी माणूस म्हटलंय. बस, तेवढंच. व्हर्जिलने एका वाक्यात उभा केलेला माणूस स्वर्गात आहे आणि व्हर्जिल खाली.

हे दान्तेने नकळत केलं असेल असं मला वाटत नाही. मला वाटतं ती त्याची जखम आहे, आणि त्याने ती उघडी ठेवलीय. डोंगरावर कवी स्तात्सियो व्हर्जिलला म्हणतो, रात्री दिवा पाठीमागे धरून चालणाऱ्यासारखा तू, स्वतःला उजेड नाही, मागून येणाऱ्यांना वाट दाखवलीस. यापेक्षा मोठी कृतज्ञता मी वाचलेली नाही, आणि यापेक्षा मोठी तक्रारही.

तुमचा युधिष्ठिर मात्र मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

अनुस्वार

थोडी भर भाषेच्या अंगाने. धर्माची, तत्त्वज्ञानाची भाषा तेव्हा लॅटिन होती. दान्तेने हे सगळं फ्लोरेन्सच्या बोलीत लिहिलं, बाजारात आणि चुलीपाशी बोलली जाते त्या भाषेत. बिआत्रिचे गेली ते साल १२९०, म्हणजे शके १२१२. आपली ज्ञानेश्वरी नेवाशात लिहून झाली ते हेच साल. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, मी तो जोडतही नाही. पण हे दोन आकडे शेजारी ठेवले की अंगावर काटा येतो.

छंदही ऐकण्यासारखा आहे. तीन-तीन ओळींची कडवी. पहिली आणि तिसरी ओळ जुळते, मधली सुटी राहते, आणि तिचं यमक पुढच्या कडव्यात उचललं जातं. साखळीत कडी अडकवावी तसं. म्हणून थांबताच येत नाही, प्रत्येक कडवं पुढच्याला हात देत राहतं. इटालियन कळत नसेल तरी कोणाच्या तरी आवाजात ऐका. आणि तिन्ही भाग एकाच शब्दावर संपतात : तारे. नरकातून बाहेर पडतात तेव्हा, "आणि मग आम्ही तारे पुन्हा पाहायला बाहेर आलो."

अवांतर : दान्तेच्या हातची एक ओळसुद्धा आज उरलेली नाही. पण त्याच्या काव्याचं एक जुनं हस्तलिखित मुंबईत, टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेलं.

मीठभाकर

रात्री पुन्हा वाचायला बसलो. सगळं पटलं असं नाही, पण एक जागा अशी सापडली की माझा सूर खाली आला. पारादिसो १७. दान्तेचा खापरपणजोबा काच्चाग्विदा त्याला पुढची हद्दपारी सांगतो : दुसऱ्याची भाकरी किती खारट लागते आणि दुसऱ्याचे जिने चढणं-उतरणं किती अवघड असतं ते तुला कळेल. मी ते रूपक समजून वाचत होतो. मग कळलं की फ्लोरेन्सकडचा पाव आजही बिनमिठाचा असतो. म्हणजे गाव सुटलं त्या दिवसापासून त्याला प्रत्येक घासाला ते जाणवलं असणार. वीस वर्षं.

फ्रान्चेस्का रावेन्नाच्या घराण्यातली, आणि दान्तेला शेवटी आसरा दिला तो तिच्याच भाच्याने, ग्विदो नोव्हेल्लोने. आपल्या आत्याला नरकात ठेवणाऱ्या कवीला त्याने घरात घेतलं. फ्लोरेन्सने नंतर त्याची हाडं परत मागितली, १५१९ मध्ये पोपने परवानगीही दिली, पण रावेन्नाच्या साधूंनी ती लपवून ठेवली. १८६५ मध्ये भिंतीच्या कामात एका लाकडी पेटीत सापडली. फ्लोरेन्सच्या सान्ता क्रोचेत त्याची कबर आहे, ती रिकामी आहे.

शेवगा

पायवाट, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही म्हणालात की ते आसू पेलत नाही. का, ते विचारू का? नको असेल तर राहू दे.

पायवाट

सांगते. इतकं बोलल्यावर लपवण्यात अर्थ नाही.

अण्णा आणि बापूकाका एकोणीस वर्षं बोलत नव्हते. बांधावरून. दीड हात जमीन. आजी गेली तेव्हासुद्धा दोघं अंगणाच्या दोन टोकांना उभे होते. अण्णा आम्हाला कधी वाईट वागले नाहीत, पण काकाचं नाव घरात काढायची सोय नव्हती. शेवटच्या आठवड्यात वाचा गेली होती. कोणी कळवलं ठाऊक नाही, काका आला. दारातच थांबला, चपला काढाव्यात की नाही ते त्याला कळेना. आई म्हणाली, "या भाऊजी." तो उशाशी बसला. काही बोलला नाही. थोड्या वेळाने अण्णांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. आईने पदराने पुसलं. नर्स म्हणाल्या, अशा पेशंटच्या डोळ्यांतून येतं पाणी, त्याचं काही नसतं.

तिसऱ्या दिवशी गेले.

ते पाणी कशाचं होतं हे मला कधीच कळणार नाही. म्हणून बुओन्कोन्तेपाशी मी अडकले.

गणपतीत गावाला गेले तेव्हा काकाला ती गोष्ट सांगितली. पुस्तक घेऊन बसले नाही, पडवीत बसून आपल्या बोलीत सांगितली. लढाई, गळ्यातला घाव, नदी. काकाने आधी नदीचंच विचारलं, पूर केवढा होता, पात्र किती. मग सैतान ओरडतो ते सांगितलं, एवढ्याशा आसवासाठी. तो बराच वेळ सुपारी कातरत राहिला. म्हणाला, "आणि त्याच्या बायकोने काही केलं नाही म्हणतेस?" मी म्हटलं, नाही, विसरले सगळे. "मग कोणी तरी करायला पाहिजे होतं," म्हणाला आणि उठून गोठ्याकडे गेला.

पितृपक्षात अण्णांची तिथी होती. दादा मस्कतहून येऊ शकला नाही. काकू फोनवर सांगत होती, सकाळी सातलाच काकाने आंघोळ करून स्वतः पान वाढलं, कावळ्याचा घास घेऊन बांधावर गेला, आणि कावळा शिवेना म्हणून दुपारचे दोन वाजेपर्यंत उन्हात तिथेच उभा होता.

दगडी_जिना

🙏

वसईचा_वारा

पायवाट, आमच्या चर्चमध्ये २ नोव्हेंबरच्या मिस्साआधी मृतांच्या नावांची यादी फादरांकडे द्यायची असते. दर वर्षी मी आजी, आजोबा आणि बाबांची नावं देतो. तुमची आणि आईंची हरकत नसेल तर अण्णांचं नाव व्यनिमधून (व्यक्तिगत निरोपातून) कळवाल का?

पायवाट

आईला विचारलं. ती म्हणाली, काकाचंच हस्ताक्षर असू दे. त्याने वहीच्या कागदावर लिहून फोटो पाठवलाय. व्यनि केला आहे.